रिकाम्या वाफ्याचे कार्ड

मित्रांनो, मी एक जुने पंचकार्ड आहे. जाड कागदाची पट्टी आणि तिच्यावर बारीक चौकोनी भोके, एवढाच माझा देह. संगणकाला हिशेबाची रीत सांगणाऱ्या दोनशे कार्डांच्या गठ्ठ्यात माझा क्रमांक एकशे बारा.

१९७१ साली परभणीच्या एका संशोधन केंद्राने ज्वारीचे वीस वाण चार गावांत पेरले. सातव्या वाणाचे बी राणीसावरगावच्या सगुणाबाईंनी घरच्या कणगीतून दिले होते. चारपैकी सोनपेठच्या वाफ्यात त्याच्या पिकाचे वजन घ्यायला केंद्रातल्या सत्यशीलाबाई गेल्या, तर नुसते बुडखे उरलेले. बांधावर मेंढपाळ येडबा खाली मान घालून उभे होते.

“माझीच मेंढरं शिरली, बाई. काय लिहायचं ते माझ्या नावावर लिहा. ज्वारीच्या नावावर लिहू नका.”

बाईंनी वहीत ती जागा कोरी ठेवली. मग हैदराबादच्या संगणक केंद्रात जाऊन ऑटोकोडर नावाच्या भाषेत मला घडवले. माझे काम एकच होते: जागा कोरी दिसली, तर तो वाफा सरासरीत मोजायचा नाही. माझ्या कडेला त्यांनी पेन्सिलीने लिहिले, ‘कोरे म्हणजे शून्य नव्हे. येडबांची मेंढरे.’

पुढे दर सुगीनंतर मी पत्र्याच्या पेटीतून हैदराबादला जात असे. गठ्ठ्याचे कौतुक होई. माझे वेगळे कौतुक कोणी केले नाही, पण मी कधी चुकलेही नाही.

१९७७ साली तिथे नवे यंत्र आले. त्याला माझी भाषा कळेना. नवी भाषा निवडण्याचे काम परभणीच्या केंद्रात नव्यानेच रुजू झालेल्या बन्सीधर यांच्याकडे आले. त्याच वेळी बियाण्याच्या खोलीत जागा कमी पडू लागली होती. वाफ्यामागे आठ किलोच्या खाली सरासरी असलेले वाण काढून टाकायचे ठरले. सगुणाबाई तोवर वारल्या होत्या. त्यांचे बी आता फक्त इथल्या एका डब्यात होते.

बन्सीधरांनी जुने आकडे फोरट्रान आणि कोबोल या संगणकाच्या दोन भाषांत तपासायला घेतले.

“फोरट्रानच घेऊ, बाई. गणिताला लय सोपी. कोबोल म्हणजे लग्नातलं भाषण, संपतच न्हाई.”

“सातव्याचं काय आलं?”

“पावणेसात. गेला तो.”

“नऊ यायला पायजे. नऊ, आठ, दहा. तीनच वाफे हायत.”

बाईंनी पेटी उपसून मला बाहेर काढले. बन्सीधरांनी माझी कड वाचली.

“हे येडबा कोण?”

बाईंनी सगळे सांगितले. बन्सीधरांनी कागदावरचा हिशेब पुन्हा तपासला. त्यांच्या प्रोग्राममध्ये फोरट्रान कोरी जागा शून्य म्हणून वाचत होती.

“मग कोबोल घ्यायची?”

“कोणती बी घ्या. आधी हे कार्ड तिला शिकवता येतंय का ते बघा.”

दोन दिवस खटपट करून त्यांना वाट सापडली. जागा आधी अक्षर म्हणून वाचायची, कोरी आहे का ते पाहायचे, मगच आकडा समजायचा. माझ्या एका कार्डाची तिथे तीन कार्डे झाली. उत्तर नऊ आले आणि फोरट्रान ठरली. पहिल्या नव्या कार्डावर बन्सीधरांनी माझी ओळ शाईने उतरवली, येडबांच्या नावासकट.

मित्रांनो, नवी भाषा आनंदाने शिका. फक्त जुन्याला निरोप देण्याआधी, त्याला काय ठाऊक होते ते विचारून घ्या.

मला बाईंनी सातव्या वाणाच्या डब्यात ठेवले. पुढच्याच रब्बीत डबा उघडला आणि माझ्याखालचे काही मुठी बी सोनपेठला पेरायला गेले. त्या वाफ्याच्या राखणीला येडबा बसले होते.