शेवटची ओळ आधी

शाळेत डिजिटल पेनं आली तेव्हा सगळ्यात जास्त हुरळलो मीच. मुलांनी कितीही गिचमिड लिहिलं तरी स्क्रीनवर छापल्यासारखा मजकूर, शिवाय कुठली ओळ किती वाजता लिहिली त्याची नोंद. त्या नोंदीवरूनच मी पेंटरच्या मुलीला पकडलं. गणिताच्या पेपरात प्रत्येक उदाहरणाची शेवटची ओळ तिने आधी लिहिली होती आणि रीत नंतर. म्हणजे उत्तरं बाहेरून आली, असं मी मुख्याध्यापिकाबाईंना लेखी कळवून टाकलं. कॉपी ठरली तर पोरीचं वर्ष जाणार होतं.

बाईंच्या खोलीत आम्ही चौघं बसलो. मुलीचे वडील दुकानांच्या पाट्या रंगवतात; नखांत निळा रंग तसाच होता. पाटीवर जागा पुरावी म्हणून आपण शेवटचं अक्षर आधी आखतो, पोरीने तीच सवय उचलली, असं ते अडखळत सांगत होते. हा माणूस मला शेंडी लावतोय, असंच मला वाटलं.

"मग आत्ता सोडवून दाखवू दे," मी म्हणालो.

मी मुद्दाम किचकट समीकरण दिलं. बाईंनी ताळ्यासाठी मलाही सोडवायला बसवलं. माझं पेन झरझर चाललं होतं. मुलगी मात्र कोऱ्या कागदाकडे नुसती बघत होती. वडिलांनी टेबलाची कड घट्ट धरली होती. बऱ्याच वेळाने तिने कागदाच्या तळाशी एकच ओळ लिहिली: क्ष बरोबर उणे सात.

माझं उत्तर तीन होतं. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? बाईंनी तक्रारीचा कागद पुढे ओढला.

मुलगी माझ्या कागदाकडे उलट्या बाजूने बघत होती.

"सर, तिसऱ्या ओळीत उणे राहिलंय."

राहिलं होतं. ते धरलं की माझंही उत्तर उणे सातच येत होतं. गुपचूप दुरुस्त करावं, तर माझ्या हातातही तसलंच, वेळेची नोंद ठेवणारं पेन होतं.

"चुकलो मी," मी म्हणालो आणि तक्रार मागे घेतली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

मुलीने पेन बंद करून टेबलावर ठेवलं.

"पुढच्या पेपरात मी पहिल्या ओळीपासूनच लिहीन, सर."

तसं करू नकोस म्हणायला मी तोंड उघडलं, पण ती वडिलांचा हात धरून दाराकडे निघाली होती.