बोरखंडीच्या फुल्या

गौरम्मा भुंकत होती. मारुतीच्या पारासमोर, भर उन्हात, चार लेकरांची आई असलेली ती बाई दोन्ही हात जमिनीला टेकून कुत्र्यासारखी भुंकत होती. तिचं बघून आणखी दोघी भुंकायला लागल्या. भोवती सगळं बोरखंडी गाव गोळा झालं होतं. पारावर घोंगडीवर मलप्पा भगत बसला होता. तो सीमेपलीकडून, कर्नाटकातून आलाय, याउपर कुणाला त्याची काही माहिती नव्हती. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते भगतांनाही लागू आहे.

"बोल यव्वा, कोन धरलंय तुला?" मलप्पा विचारत होता. "नाव सांग. नाव आलं की सुटका."

गौरम्मानं नाव घेतलं, धोंडाबाई. मागच्या अकरा जणींनीही तेच घेतलं होतं. अकराही जणींच्या पाठीवर किंवा दंडावर लाल, टरारलेली फुली उठली होती. माणसानं ओढावी तशी सरळ दोन रेघांची फुली, तीही चोळीच्या आत, जिथं बाहेरून कुणाचा हात पोचत नाही अशा जागी. गाव म्हणत होतं, भानामती.

गर्दीच्या कडेला उदगीर तहसिलीचे अव्वल कारकून शेषेराव कागद सांभाळत उभे होते. सरकारनं त्यांना या भानामतीची चौकशी करायला पाठवलं होतं. हसू नका, असं झालं होतं खरं. लातूर जिल्हा वेगळा होऊन तिसरा उन्हाळा लागला होता. पाऊस दोन वर्षं रुसलेला. अशात एका वर्तमानपत्रात 'बोरखंडीत भानामतीचे थैमान' अशी बातमी आली. वरून विचारणा झाली आणि ती खाली खाली येत शेषेरावांच्या टेबलावर पडली. आता भानामतीच्या चौकशीचा छापील नमुना कुठून आणायचा? नव्या जिल्ह्यात साध्या दाखल्याच्या कागदाची मारामार. शेवटी अकस्मात मृत्यूच्या पंचनाम्याचे कोरे फॉर्म निघाले. 'मयताचे नाव' खोडून शेषेरावांनी 'बाधिताचे नाव' लिहिलं आणि एस.टी. पकडली.

शेषेराव भोळे नव्हते. त्यांनी चौकशी मन लावून केली. दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, उपकेंद्राच्या नर्सबाईंसमोर गौरम्माला आंघोळ घातली आणि पाठ स्वच्छ असल्याचं लिहून घेतलं. मग तिनं आपली चोळी घातली, आणि तिला शाळेच्या खोलीत बसवून दाराला कुलूप लावलं, पहारा ठेवला. शुक्रवारी दार उघडलं तर पाठीवर फुली. शेषेरावांनी कुलूप आणि खिडकीचे गज पुन्हा तपासले, काही सापडलं नाही. तरी माणूस इमानी. त्यांनी जे होतं तेच लिहिलं: 'सदर फुली कशाने उठली याचे कारण समजून आले नाही.' सही केली, शिक्का मारला, एक प्रत गावचा पोलीस पाटील बसवंत याच्याकडे दिली आणि ते उदगीरला परतले. आपण काय करून आलो हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

ते शनिवारी आलं. धोंडाबाई बारा कोस चालून कचेरीत येऊन उभी राहिली. पन्नाशीची विधवा, पायांना भेगा, तोंडावर धूळ. बसवंतनं तो कागद पारावर वाचून दाखवला होता, आणि सरकारलाही कारण सापडलं नाही म्हटल्यावर मलप्पाचा शब्द पक्का झाला होता. सोमवारी अमावास्या. सोमवारी तिचे पुढचे दात उपटायचं ठरलं होतं, म्हणजे तिला मंत्र म्हणता येणार नाही. त्या भागात ही रीतच आहे, आणि रीत म्हटली की माणसाला सांडशी हातात धरतानाही लाज वाटत नाही.

"तुझ्यावरच का?" शेषेरावांनी विचारलं.

"माझ्या हिरीला पाणी हाय, साहेब. साऱ्या गावात तेवढंच राहिलंय. पाटील इंजन लावतो म्हनला. मी म्हनलं, लावू नका, घागर घागर सगळ्यांनी न्या. तवापासून मी भानामतीवाली."

तिनं पदरानं तोंड पुसलं. "साहेब, तुम्ही लिवलेलं तुम्हीच खोडा. तुमचं ऐकतेत ते."

शेषेरावांनी आपली प्रत काढून पाहिली. कारण सापडल्याशिवाय खोडणार काय? तहसीलदारसाहेब टंचाईच्या बैठकीला लातूरला गेले होते. पोलीस ठाण्यात सांगितलं, तर माणसं टँकरच्या बंदोबस्ताला लावलीत, सोमवारी बघू म्हणाले. धोंडाबाईनं इथंच राहावं म्हणून त्यांनी हातापाया पडल्यासारखं केलं, पण घरी तिची आंधळी सासू एकटी होती. ती आली तशी चालत परत गेली.

रविवारचा सगळा दिवस शेषेराव घरी पंचनामे पसरून बसले. बायको जेवायला हाका मारून थकली. बारा कागद, बारा बाया. वय, वेळ, जागा, काही जुळेना. मृत्यूच्या फॉर्मात एक रकाना असतो, 'अंगावरील कपडे'. तो रिकामा कसा ठेवायचा म्हणून त्यांनी इमानेइतबारे भरला होता. काळी चोळी. गर्द निळी चोळी. काळी. जांभळी. पुन्हा काळी. बाराही गडद. एकही पांढरी नाही, पिवळी नाही. पुरुषांना फुली नाही, आणि गावातले पुरुष तर सगळे पांढऱ्या कपड्यांत.

मग त्यांनी नीलाबाईचा जबाब काढला. नीलाबाईला फुली उठली नव्हती, म्हणून तो त्यांनी धड वाचलाही नव्हता. त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं: 'मंतरायला भगत प्रत्येकीची चोळी रात्रभर ठेवून घेतो. परीक्षेसाठी मी पिवळी चोळी नेली, ती भगताने घेतली नाही, गडद आण म्हणाला.' म्हणजे प्रत्येक बाईची चोळी आदल्या रात्री मलप्पाकडे जात होती. धुरी देऊन मंतरून सकाळी परत मिळत होती, आणि जिला बाधा असेल तिला फुली उठेल, ही त्याची परीक्षा होती. गौरम्माचीही चोळी गेली होती. हे त्यांना दुसऱ्या कुणी सांगितलं नव्हतं, कारण गावात ते सगळ्यांना ठाऊक होतं. आणि त्यांनी विचारलं नव्हतं. कुलूप दाराला लावलं, चोळी तशीच आत गेली.

पण चोळीत होतं काय? दिवस कलला होता. उकाड्यानं जीव घाबरा झाला म्हणून त्यांनी सदरा काढला, खुंटीला अडकवला, आणि कॉलरच्या आतल्या बाजूची परटाची काळी खूण त्यांच्या डोळ्यांसमोर आली. कोणता कपडा कुणाचा हे कळावं म्हणून परीट अशी खूण करतो. बिब्ब्याचा रस आणि वर चुना. कितीही धुवा, जात नाही. आणि हाच बिब्बा अंगाला लागला तर? तेव्हा काही होत नाही. दुसऱ्या दिवशी उततो. कातडी लाल होते, टरारते, फोड येतात. आणि गडद चोळीच्या आत ओढलेली त्याची काळी रेघ कुणाला दिसणार?

गावाची एकुलती एस.टी. केव्हाच गेली होती. शेषेराव सोमवारी उजाडताच पोलीस ठाण्यात जाऊन बसले, एका हवालदाराला अक्षरशः उठवून घेतलं आणि दोघं बोरखंडीच्या टँकरवर चढले. टँकर रिकामा होता तेव्हा धावत नव्हता, आता भरल्यावर काय धावणार. वाटेत दोनदा थांबला. शेषेराव ड्रायव्हरला नुसतं "चल बाबा, चल" म्हणत राहिले.

पारापाशी पोचले तेव्हा धोंडाबाईला चौघांनी धरलं होतं. दोन दात पडले होते. सांडशी तिसऱ्याला लागली होती.

हवालदारानं सांडशी हिसकावली. बसवंत आडवा आला, म्हणाला, तुम्हीच तर लिहून दिलंत, साहेब.  आज कुणाची चोळी मंतरून आलीय, एवढंच शेषेरावांनी विचारलं. नीलाबाई पुढं आली. पिवळी परत केल्यावर तिनं काळी नेऊन दिली होती आणि ती आजच सकाळी मिळाली होती. अजून अंगात घातली नव्हती. शेषेरावांनी ती मागितली.

"बाईच्या चोळीला हात लावतोस?" मलप्पा ओरडला. "वंश बुडंल तुझा."

"मी नाही लावत. तीच लावील," शेषेराव म्हणाले.

शेषेरावांनी अंगातला पांढरा सदरा काढून दगडावर पसरला, एका म्हाताऱ्याच्या चंचीतला चुना कालवून त्यावर फासला. नीलाबाईनं चोळी उलटी करून त्यावर दाबली, वर वरवंट्यासारखा दगड फिरवला. चोळी उचलली. पांढऱ्या सदऱ्यावर तपकिरी फुली उमटली होती, आणि लोक बघत होते तोवर ती काळी होत गेली. शेषेरावांनी कॉलर उलटून शेजारची परटाची खूण दाखवली. दोन्हींचा रंग एक.  बोरखंडीत बिब्बा कुणाला माहीत नव्हता? टाचेच्या भेगांना घराघरात लावत होते. हवालदारानं भगताची झोळी उपडी केली तर बिब्बे घरंगळले आणि मागून टोकाला तोच काळा रस वाळलेलं एक दाभण पडलं.

"आन् आम्ही भुंकत होतो ते?" गौरम्मानं विचारलं. तिचा आवाज बसला होता. "ते ढोंग न्हवतं, साहेब. माझं मला कळत न्हवतं."

"ढोंग नव्हतं. भीती होती," शेषेराव म्हणाले. "पोटात अन्न नाही, घशाला पाणी नाही, वर हा सांगतो की तुला धरलंय. माणूस तेवढ्यानं भुंकतं. भुतानं नाही." मग ते सगळ्यांकडे वळले. आवाज मोठा निघाला. "मला कारण कळलं नाही असं मी लिहिलं. ते माझं अडाणीपण होतं, त्याचा पुरावा तुम्ही केलात. एखाद्या गोष्टीचं कारण कळत नाही तेव्हा शोधायचं काम बाकी आहे, एवढंच समजा. कुणाचं नाव घेऊन मोकळं होऊ नका. विचारा. चोळी कुठं होती, ते विचारा. मला विचारा, भगताला विचारा, पाटलाला विचारा, त्याला विहीर कशाला पाहिजे होती."

बसवंत मान खाली घालून उभा राहिला. मलप्पाला हवालदारानं दंडाला धरून टँकरवर चढवलं. गर्दी पाय ओढत पांगली. भानामती बघायला आलेलं गाव मान वर न करता घरी गेलं. धोंडाबाई पाराच्या कठड्याला टेकून बसली होती, तोंडात लुगड्याचा बोळा, तो लाल झालेला. शेषेराव तिच्यासमोर उकिडवे बसले. 

गौरम्मा धुळीत वाकून काहीतरी शोधत होती. सापडलं ते तिनं पदराला पुसलं आणि तळहातावर धरून शेषेरावांपुढं आणलं. दोन दात होते.

"लातूरच्या मोठ्या दवाखान्यात," तिनं विचारलं, "हे परत बसवतेत का?"

शेषेरावांनी मान हलवली. नाही.

बाबांनो, भानामती कुठंही नसते. पण सांडशी असते, आणि ती धरणारे हात आपलेच असतात. खरं काय ते बोरखंडीला त्या दिवशी कळलं, पण दोन दात उशिरानं. तुमच्या गावात उद्या कुणी असं नाव घेतलं, तर पहिला प्रश्न तुम्ही विचारा, आणि सांडशी उचलायच्या आधी विचारा.