संत्र्याचा रस आणि सैतान

"उठला! मेलेला माणूस उठला!" कुणीतरी किंचाळलं आणि डॅलसहून अँकरेजला निघालेल्या आमच्या विमानात टाळ्यांचा कडकडाट झाला.

मेलेला माणूस म्हणजे वेंडेल क्रब, घरांची छपरं घालणारा धिप्पाड गडी. संडासाच्या रांगेत उभा असताना पांढराफटक पडून कोसळला. मी या विमानातली हवाई सेविका. त्याला आडवं केलं, श्वास चालू आहे ना ते पाहिलं आणि त्याचे पाय उचलून खांद्यावर घेतले. तेवढ्यात ब्रदर लेस्टर प्रूइट नावाचा एक धर्मप्रचारक प्रवासी धावत आला. पांढरा सूट, केसांवर अर्धी बाटली तेल. वेंडेलच्या कपाळावर पंजा ठेवून तो गरजला, "मृत्यो, चालता हो!" वेंडेलने डोळे उघडले. ओझं माझ्या खांद्यावर, जयजयकार लेस्टरचा!

लोक त्याच्याभोवती गोळा झाले. त्यांत लोरेटा हिग्बी होती, लेकीच्या बाळंतपणाला निघालेली. जेवण वाटायला सुरुवात होणार म्हणून तिने नुकतंच इन्शुलिन टोचून घेतलं होतं.

"ब्रदर, माझा मधुमेह जाईल का हो?"

"जाईल? अगं बाई, गेलासुद्धा! आता उतरेपर्यंत अन्नाचा कण तोंडात घालू नकोस. खाल्लंस तर प्रभूवर अविश्वास दाखवलास."

तिने सँडविचचा डबा मला परत केला. "अहो, इंजेक्शन घेतलंय ना? दोन घास तरी खा," मी म्हटलं. "तुमची श्रद्धा नाही, म्हणून असं बोलता," ती म्हणाली.

थोड्या वेळाने तिच्या शेजारणीने मला हाक मारली. लोरेटा घामाने निथळत होती, हात थरथरत होते, भलतंच काहीतरी बरळत होती. विमानात कुणी डॉक्टर आहे का, अशी मी घोषणा केली. पुढून डॉ. इमोजेन टार्व्हर आल्या, ठेंगण्या, म्हाताऱ्या. पण वाटेत लेस्टर हात पसरून उभा.

"कुणी हात लावू नका! सैतान बाहेर पडतोय!"

"मग त्याला थोडी साखर लागेल," डॉक्टर म्हणाल्या. "सरका."

लोरेटाच्या पर्समधल्या यंत्रावर त्यांनी साखर तपासली. भयंकर उतरली होती. तिला गिळता येतंय याची खात्री करून त्यांनी संत्र्याचा रस घोट-घोट पाजला. हळूहळू तिची नजर स्थिरावली. "मी कुठेय?" तिने विचारलं.

"दुसरा चमत्कार!" लेस्टर ओरडला. आणि काही महाभागांनी खरोखरच टाळ्या वाजवल्या! माझं डोकंच फिरलं.

डॉक्टर त्याच्याकडे वळल्या. "इंजेक्शनने हिची साखर उतरली, तुम्ही हिला उपाशी ठेवलंत, रसाने ती चढली. यात चमत्कार कुठल्या घोटात होता?"

"आणि तो माणूस? तो मेला होता!"

डॉक्टरांनी वेंडेलला विचारलं, "पूर्वी कधी असं झालंय?"

वेंडेल लाजला. "दोनदा. एकदा रक्तदान करताना, एकदा बायकोच्या बाळंतपणात. आडवा पडलो आणि आपोआप शुद्धीवर आलो."

"तिथे प्रार्थना कोण करत होतं?"

"कुणी नाही. बायको शिव्या घालत होती."

सगळं विमान हसलं.

"उभं राहून रक्त पायांत उतरतं, मेंदूला कमी पडतं आणि माणूस कोसळतो," डॉक्टर म्हणाल्या. "आडवं करून पाय वर धरले की ते परत येतं. अशी साधी चक्कर असेल, तर त्या वेळात प्रार्थना करा, शिट्टी वाजवा, नाहीतर कोंबड्यासारखं आरवा. माणूस उठतोच."

लोरेटा क्षीण आवाजात म्हणाली, "तुमचं ऐकून मी जेवण परत केलं, ब्रदर. माझ्या लेकीला काय कळवलं असतंत?"

"तुझी श्रद्धा कमी पडली," तो पुटपुटला.

मी त्याला जागेवर बसवून पट्टा बांधायला लावला. तरीही उतरताना दोन बायका त्याचा पत्ता मागत होत्याच!

म्हणून सांगते. आपली औषधं हातातल्या पिशवीत ठेवा, आजार लपवू नका, कुणी कोसळलं तर आम्हाला हाक मारा. आणि कुणी औषध सोड, जेवण सोड म्हणाला, तर त्याला एवढंच विचारा: मी जगले तर करामत तुझी आणि मेले तर खोट माझ्या श्रद्धेत, हा कुठला न्याय?