बंद दाराचा धडा

भाचीचं लग्न ठरून मोडलं आणि पुन्हा त्याच मुलाशी जमलं, त्या वर्षी मामा परदेशातून सुट्टीवर गावी आले होते. परत जाताना ते भाच्याला बरोबर घेऊन गेले. लग्न का मोडलं आणि का जमलं, हे शेवटपर्यंत कुणाला धड सांगता आलं नाही. मामांच्या मोठ्या बहिणीने मात्र मांडवातच भावाचा हात धरला.

"मुलगी उजवली. आता या दिवट्याचं बघ. इथे राहिला तर पारावर बसून बसून दगड झिजवील."

मामा म्हणाले, "नेतो. पण तिकडे गेल्यावर लाड नाहीत. मी सांगीन तसं वागायचं."

"आणि तुझे लाड कोण करतं रे तिकडे? वाळून खारीक झालायस."

"मला काय धाड भरलीय? मी उत्तम आहे."

परदेशी गेल्यापासून मामा हेच सांगत आले होते. आधी बहिणीला बरं वाटावं म्हणून सांगायचे. पुढे इतक्या वेळा सांगून झालं की त्यांनाही ते खरं वाटायला लागलं. त्यांचं लग्न राहून गेलं होतं. बहिणींची करता करता स्वतःचं वय निघून गेलं, असं गावातले लोक म्हणत. मामा म्हणत, "बरंच झालं. एक तोंड, एक ताट."

मामा एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला होते. धुलाईघर तळघरात होतं. वरच्या मजल्यांवरून मळक्या चादरी, उशांचे अभ्रे, रोग्यांचे झगे नळकांड्यातून खाली पडत. ते निवडायचे, मोठ्या पिंपांत धुवायचे, आणि ओलसर चादरी इस्त्रीच्या तापलेल्या रुळाखालून काढायच्या. रुळावर चादर घालणं हे तिथलं मानाचं काम. कड सरळ धरावी लागे, कोपरा ताणावा लागे आणि बोटं वेळेवर मागे घ्यावी लागत. मामा रुळावर होते. उलट टोकाला मळकी बाजू होती. तिथे म्हातारे, आजारी आणि ज्यांचा करार आता वाढायचा नाही अशी माणसं कपडे निवडत बसत. मळक्या बाजूला गेलेला माणूस पुढच्या वर्षी दिसत नसे.

राहायला कामगारांचं घर होतं. एक लांब बोळ, दोन्हीकडे खोल्या, टोकाला स्वयंपाकघर. तेव्हा हातोहाती फोन आले नव्हते. सगळ्यांत मिळून एक फोन बोळाच्या भिंतीवर टांगलेला. मामा जुने म्हणून त्यांना एकट्याची खोली, स्वयंपाकघराला लागून. समोरच्या खोलीत भाचा आणि आपल्याच मुलुखातला एक ड्रायव्हर. नव्या आलेल्या प्रत्येकाला मामा तिथल्या रीती शिकवत, म्हणून ड्रायव्हर त्यांना 'मास्तर' म्हणे.

भाच्याचा पहिला धडा दुसऱ्याच दिवशी झाला. तो धुलाईघरात भेटेल त्याला "जेवलात का?" असं विचारत सुटला. त्याला तिथली भाषा चार शब्दांची येत होती, त्यात हे दोन बसवले होते.

मामांनी त्याला पिंपामागे ओढलं. "कुणाच्या पोटात काय आहे याची चौकशी तुला कुणी सांगितली?"

"मामा, आपण विचारतोच की."

"आपण विचारतो. इथे विचारलं की माणूस म्हणतो, याला माझ्याकडून काय हवंय."

"आणि कुणी उपाशी असला तर?"

"तर तो त्याचा उपास."

ड्रायव्हर संध्याकाळी भाच्याला म्हणाला, "मास्तरांच्या शाळेत नाव घातलंस का? छान. तिथे नापास होता येत नाही, नुसतं घरी पाठवतात."

धडे चालूच राहिले. मोठ्याने हसायचं नाही. कुणाच्या पगाराबद्दल, पोराबाळांबद्दल, गुडघ्याबद्दल विचारायचं नाही. कुणी "कसा आहेस?" म्हटलं तर "बरा आहे" म्हणायचं आणि चालू लागायचं, थांबून खरं सांगायचं नाही. आणि सगळ्यात मोठा धडा बंद दाराचा. "दार लावलेलं असलं की ते दार नाही, भिंत आहे असं समजायचं. भिंतीला कुणी टकटक करतं का?"

हा धडा मामांना फुकट मिळाला नव्हता. नवे असताना त्यांच्याबरोबर चादरींच्या घड्या घालायला एक तिथलाच माणूस होता. मोठी चादर दोघांनी दोन टोकांना धरायची, झटकायची, मग एकमेकांकडे चालत येऊन कोपरे जुळवायचे. दिवसभर हेच. मामांना वाटलं, दिवसातून इतक्या वेळा हाताला हात लागतो, म्हणजे दोस्ती झाली. तो माणूस आजारी पडला तेव्हा मामा फळं घेऊन थेट त्याच्या घरी गेले. दार उघडंच होतं. आत गेले, खाटेच्या कडेला बसले आणि आपण करतो तसा त्याच्या कपाळाला तळहात लावला. तो माणूस किंचाळून उठला. दुसऱ्या दिवशी मामांना साऱ्या धुलाईघरासमोर त्याची माफी मागावी लागली. लोक हसले. पुढे कैक दिवस कुणी मामा दिसले की आपलं कपाळ झाकून घेई आणि सगळे पोट धरून हसत. मामाही हसत. हसण्यावाचून दुसरं काय करणार? पण त्या दिवसापासून त्यांनी आपला हात आपल्यापाशी ठेवला, तो ठेवलाच.

ही गोष्ट मामांनी भाच्याला कधी सांगितली नाही. धडा सांगितला, जखम नाही सांगितली.

एक वर्ष गेलं, दुसरं गेलं. मग एका थंडीत मामांना ताप भरला. त्यांनी धुलाईघराच्या सुपरवायझर बाईला "पाठ दुखते" एवढंच सांगून रजा घेतली आणि दार लावून पडून राहिले. भाचा संध्याकाळी आला. बोळातून दोनदा गेला, दोनदा आला. मग दार ढकललं आणि आत शिरला. मामांच्या कपाळाला हात लावला.

"तवा तापलाय, मामा."

इतक्या वर्षांत त्या कपाळाला दुसऱ्याचा हात लागला नव्हता. मामांनी डोळे मिटून घेतले. भाच्याने मऊ भात केला, ओल्या फडक्याने अंग पुसलं, रात्रभर जमिनीवर निजला. मामांना आईची आठवण झाली. बरं वाटलं, हे खोटं कशाला सांगा.

पण सकाळी भाचा कामावर गेला आणि त्याने साध्या मनाने सुपरवायझर बाईला सांगितलं की मामांना फार ताप आहे, वय झालंय, रात्री बरळत होते, मला त्यांच्यापाशी बसायला रजा द्या. बाईने रजा दिली. मान हलवली, नोंद घेतली. मामा बरे होऊन परत गेले तेव्हा त्यांच्या जागी रुळावर भाचा उभा होता.

बाई गोड आवाजात म्हणाली, "तुम्हाला आता हलकं काम देऊ या." आणि तिने मळक्या बाजूकडे बोट दाखवलं.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात चौघं-पाचजण होते. भाचा कांदा चिरत होता. मामा दारातच उभे राहिले.

"काय रे, बक्षीस मिळालं का तुला?"

"मामा, मी नाही मागितली ती जागा. बाईंनीच..."

"तू माझी सेवा नाही केलीस. तू मला बाजारात नेऊन उभा केलास. म्हातारा झालाय, बरळतो, घ्या याला मोडीत."

"मला वाटलं..."

"तुला वाटलं! अरे, दार लावलेलं होतं ना? मग कशाला आलास आत? धर्मशाळा आहे का?"

ड्रायव्हर म्हणाला, "मास्तर, जाऊ द्या. पोराने चांगल्यासाठीच केलं."

"तुम्ही मध्ये पडू नका. याच्या चांगुलपणाने माझी भाकरी गेली." मामा भाच्याकडे वळले. "यापुढे माझं दार लागलेलं असलं तर मी घरात नाही असं समजायचं. आत जळत असलो तरी. समजलं?"

भाचा चिरलेल्या कांद्याकडे बघत होता. "समजलं, मामा," तो म्हणाला.

आणि खरोखर समजला. उशिरा शिकणाऱ्याला धडा खोल जातो. त्यानंतर त्याने मामांना जेवणाचं विचारलं नाही, गुडघ्याचं विचारलं नाही. बोळात समोर आले की मान लववायचा आणि बाजूला व्हायचा, तिथले लोक होतात तसा. रुळावर त्याची चादर आता मामांपेक्षा सरळ जात होती. सुपरवायझर बाई नव्या माणसांना त्याचं उदाहरण देई: हा बघा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मामा मळक्या बाजूला कपडे निवडत ते ऐकत. शिष्य पास झाला होता आणि मास्तरांना ते गिळवत नव्हतं. दोन-तीनदा त्यांनीच विषय काढून पाहिला.

"आज काय शिजवतोयस?"

"डाळ."

"वास चांगला येतोय."

"हं," भाचा म्हणाला आणि झाकण ठेवलं. पूर्वी याच्यावर त्याने ताट वाढलं असतं. 'घे, वाढ मलाही' एवढं म्हणायला मामांची जीभ उचलली नाही. मागून खायची सवय त्यांनी फार पूर्वी मोडली होती.

मामांचा करार एका वर्षाने वाढला. बाई म्हणाली, "पुढचं पुढे बघू." म्हणजे काय ते मामांना समजत होतं. म्हणून पुढच्या थंडीत छातीत कळ आली आणि ताप चढला तेव्हा त्यांनी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. शिलकीतली सुट्टी मागून घेतली. बाईला सांगितलं, एका जुन्या स्नेह्याकडे जाऊन येतो. स्वयंपाकघरात येऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सुट्टी घेतलीय. झोप काढणार आहे. मला कुणी हाका मारू नका."

"मास्तर, एवढी झोप साठवून कुठे नेणार?" ड्रायव्हर हसला. दुसऱ्या दिवशी तो स्वतःच लांबच्या फेरीवर गेला.

मामांनी दार लावून घेतलं. कडी घातली. अंथरुणात शिरताना त्यांच्या मनात आलं की मागच्या वेळी कडी घातली नव्हती.

सगळे कामावर गेले की ते भिंतीला धरून मोरीपर्यंत जाऊन येत. वाटेत तो फोन. त्याच्याकडे बघत उभे राहत. बाईला सांगावं तर नोकरी गेली. बहिणीला सांगावं तर तिला इतकी वर्षं सांगितलेलं सगळं खोटं ठरलं. परत येऊन कडी लावून पडत.

संध्याकाळी भाच्याची पावलं ओळखू येत. ती बोळातून यायची आणि दारासमोर थांबायची. खालच्या फटीतून त्याच्या बुटांची सावली दिसायची. मामा श्वास धरून वाट बघायचे. त्यांना वाटायचं, आता वाजवील. आज नाही तर उद्या वाजवील. माझ्याच बहिणीचा मुलगा आहे, रक्त कुठे जाईल? मग सावली सरकायची आणि स्वयंपाकघरात नळ सुटल्याचा आवाज यायचा.

एकदा तो बाहेरून बोललासुद्धा. अगदी हलक्या आवाजात, तिथल्या रीतीने. "मामा, बरे आहात ना?"

मामांच्या ओठांवर कितीतरी आलं. आत ये. पाणी दे. कपाळाला हात लाव. पण तोंडातून निघालं ते इतकी वर्षं घोटलेलंच.

"बरा आहे."

"ठीक आहे मग," भाचा म्हणाला, आणि गेला.

त्यानंतर मामांना उठता आलं नाही, आणि हाक मारायला आवाजही राहिला नाही.

पुढे एका संध्याकाळी बोळातला फोन वाजला. भाच्याने घेतला. मामांच्या बहिणीचा होता, तिच्या मुलीला मुलगा झाला होता. बारसं ठरलं होतं. भाच्याचं बोलणं मामांना भिंतीपलीकडून एकेक शब्द ऐकू येत होतं.

"अरे वा! ताई बरी आहे ना?... मामा? आहेत ना. उत्तम आहेत... नाही, खोलीत आहेत. सुट्टी आहे त्यांना... आत्ता नाही गं आई, दार लावलंय त्यांनी."

थोडा वेळ तो नुसता ऐकत होता. मामांना ठाऊक होतं बहीण काय म्हणत असेल. दार वाजव की मेल्या, आपल्याच मामाचं दार आहे.

"नाही, आई. इथे तसं करत नाहीत," भाचा म्हणाला. "त्यांना आवडत नाही. त्यांनीच शिकवलंय."

मामांनी हात उचलून भिंतीवर आपटायचा प्रयत्न केला. हात गोधडीतून जेमतेम बाहेर आला आणि तिथेच राहिला. बाहेर फोन ठेवल्याचा आवाज झाला. सावली दारापाशी आली, रोजच्यापेक्षा थोडी जास्त थांबली आणि गेली.

सुट्टी संपली तरी मळक्या बाजूला माणूस आला नाही, तेव्हा सुपरवायझर बाईने विचारणा केली. घरमालकाने कडी तोडली. सगळ्यांच्या मागे भाचा उभा होता. घरमालकाने बोलावलं तेव्हा कुठे तो आत गेला. मामांच्या कपाळाला त्याने हात लावला, पण तिथे आता लावण्यासारखं काही उरलं नव्हतं.

घरी फोन त्यानेच केला. मामांची बहीण रडत विचारत राहिली, फार हाल झाले का रे, कुणी जवळ होतं का. भाचा म्हणाला, "हाल नाही झाले, आई. शेवटपर्यंत बरे होते."

मामा त्या थंडीत वारले, भाचीच्या मुलाच्या बारशाच्या आदल्या दिवशी.