चुन्याच्या निवळीतली अंडी

कोंबड्यांना श्रावण कळत नाही. बदलापूरच्या हेंद्रेपाड्यात अंजनाच्या परसात त्या श्रावणातही रोज खुराड्याच्या कोपऱ्यात, पेंढ्यात, कधी जात्यामागे अंडी घालून मोकळ्या व्हायच्या. आणि नेमकी त्याच दिवसांत अंजनाची सगळी गिऱ्हाइकं अंड्याकडे पाठ फिरवायची. तिची गिऱ्हाइकं म्हणजे अंबरनाथच्या कॉलनीतल्या कारखान्याच्या साहेबांच्या बायका. श्रावण लागला की गणपती उठेपर्यंत त्या घरांतून अंडं वर्ज्य.

दरसाल या दिवसांत उल्हासनगरचा एक व्यापारी सायकलवरून यायचा आणि मिळेल त्या भावात अंडी उचलायचा. भाव तोच ठरवायचा. अंजनाची सासू काशी म्हणायची, "नासून जायाच्या परीस बरं." अंजनाला ते पटत नसे. लग्न होऊन आली तेव्हा परसात चार कोंबड्या होत्या, तिनं त्यांचा कळप केला होता. आपल्या मालाचा भाव दुसऱ्यानं ठरवावा हे तिला सहन होत नव्हतं.

म्हणून एका वर्षी तिनं व्यापाऱ्याला परत पाठवलं. अंडी घरातच टिकवायची असं ठरवलं. फ्रिज घरात नव्हता, आणि असता तरी बदलापुरात पावसाळ्यात वीज किती वेळ असायची. तिनं आपल्या अकलेनं केलं. प्रत्येक अंडं सोड्याच्या पाण्यात घासून लख्ख धुतलं, फडक्यानं पुसलं आणि भाताच्या तुसात टोपलीभर रचून ठेवलं. धुतलेली अंडी अशी चकाकत होती की काशीसुद्धा कौतुकानं बघत राहिली.

गणपती उठल्यावर ती टोपली घेऊन अंजना अंबरनाथला गेली. कुमुदिनीवहिनींनी नेहमीसारखी डझनभर घेतली. त्यांचे यजमान कारखान्यात वरच्या हुद्द्यावर होते. दुसऱ्याच दिवशी सकाळी त्यांच्याकडे मुंबईहून कोणी मोठे साहेब नाश्त्याला आले. वहिनींनी आमलेटसाठी भांड्यात अंडी फोडायला घेतली आणि तिसरं अंडं फोडताच घरभर असा वास सुटला की पाहुणे रुमाल नाकाला लावून अंगणात जाऊन बसले.

पुढच्या खेपेला अंजना दारात उभी राहिली तेव्हा वहिनी आवाज न चढवता बोलल्या. "अंजना, तुझ्यावर विश्वास होता म्हणून मी अंडी पाण्यात टाकूनसुद्धा पाहिली नाहीत. आता नको येऊस." बाकीच्या घरांतही बातमी पोचली होती. एकेक दार तसंच बंद झालं. घरी येऊन तिनं उरलेली अंडी उकिरड्यात पुरली. दोन दिवस तिला जेवण गेलं नाही. चूक कुठे झाली तेच तिला उमगत नव्हतं. एवढं स्वच्छ केलं होतं.

नवरा कमळाकर आनंदनगरच्या एका कारखान्यात मशीनवर होता. तो म्हणाला, "सोड ना. पिल्लं काढ, कोंबड्या वीक. अंडी नासतातच."

"सगळी कुठे नासली?" अंजना म्हणाली. "काही चांगली निघाली. ती का निघाली ते मला कळलं पाहिजे."

ते कळलं दिवाळीनंतर, आणि तिनं शोधलं नसतानाच. तुळशीच्या लग्नासाठी वृंदावनाला चुना लावायचा होता. गणपतीआधी घराला सफेती केली होती, तेव्हाचा उरलेला चुना मागच्या पडवीत एका डेऱ्यात तसाच पडला होता. चुना तळाशी बसला होता, वर काचेसारखं पाणी, आणि पाण्यावर पापुद्र्यासारखी साय. अंजनानं ढवळायला काठी घातली तर काठीला काहीतरी लागलं. हात घालून बाहेर काढलं तर अंडं.

लहान, लालसर, एका टोकाला जरा निमुळतं. तिनं ते लगेच ओळखलं. अशी अंडी एकच कोंबडी घालायची, ठिपक्यांची, आणि तिला गणपतीच्या दिवसांतच मुंगसानं नेलं होतं. डेऱ्याच्या वर फळीवर गोणपाटं रचलेली असत. ती कोंबडी तिथं चोरून बसायची. तिथूनच ते घरंगळून चुन्यात पडलं असणार.

"फेक ते," काशी म्हणाली. "मेलेल्या कोंबरीचं अंडं. वास सुटंल घरभर."

अंजनानं ते पाण्याच्या तांब्यात सोडलं. अंडं तरंगलं नाही, तळाशी जाऊन बसलं. मग तिनं परसात जाऊन, सासूला लांब उभी करून, वाटीत फोडलं. पिवळा बलक अखंड, वासाचा लवलेश नाही. काशी जवळ आली, वाकली, पुन्हा वाकली.

"मना नाय पटत," ती म्हणाली.

"मलापण नाही," अंजना म्हणाली. "म्हणून आता पुन्हा करून बघायचं."

थंडीपासून शिमग्यापर्यंत तिनं तेच केलं. काही अंडी धुतली, काही नुसती कोरड्या फडक्यानं पुसली. काही तुसात, काही मडक्यात, काही चुन्याच्या निवळीत. कोळशानं खुणा केल्या. मग अधूनमधून एकेक काढून पाण्यात सोडायची आणि फोडायची. धुतलेली सगळ्यात आधी गेली. तुसातली न धुतलेलीही त्यांच्यापेक्षा बरी राहिली. आणि न धुता निवळीत ठेवलेली ऊन तापायला लागलं तरी जशीच्या तशी. तेव्हा तिच्या लक्षात आलं की अंड्याच्या अंगावर कोंबडीनंच काहीतरी घालून दिलेलं असतं, आणि गेल्या वर्षी तेच तिनं घासघासून काढून टाकलं होतं.

पुढच्या श्रावणाला ती तयारीत होती. बाजारातून कळीचा चुना आणला, पाण्यात विरवला, थंड होऊन बसू दिला. वरची निवळी लोणच्याच्या जुन्या बरणीत ओतली. रोजची अंडी दिव्यासमोर धरून तपासायची. जराशी चीर दिसली की ते घरात खायला. घाण लागलेलं अंडं तेही घरात. उरलेलं पळीनं अलगद निवळीत सोडायचं, वर चार बोटं पाणी राहिलंच पाहिजे. चुन्यानं तिच्या बोटांची सालं निघाली, पण तिनं एकही अंडं दुसऱ्या कोणाला ठेवू दिलं नाही. व्यापारी आला तेव्हा ती दारातूनच म्हणाली, "या वर्षी नाही हो शेठ. पुढच्या वर्षीही नाही."

गणपती उठले. अंजना टोपली भरायला बसली तेव्हा काशी तिच्या शेजारी येऊन टेकली.

"अंबरनाथला चाललीस, जा. पन श्रावनातली हायेत ता सांगू नको. कशाला सांगायचं? अंडी चांगली हायेत."

"चांगली आहेत म्हणूनच सांगणार," अंजना म्हणाली. "वाईट असती तर लपवली असती ना, आये."

कुमुदिनीवहिनींनी दार अर्धंच उघडलं.

"अंजना, मी तुला सांगितलं होतं."

"सांगितलं होतं, वहिनी. घ्या म्हणत नाही. एकदा बघा, मग पाठवा परत."

तिनं टोपलीवरचं फडकं काढलं. मधोमध पेंढ्याचा बांध घालून दोन भाग केले होते. "या बाजूची काल-परवाची. या बाजूची श्रावणातली, चुन्याच्या निवळीत ठेवलेली. गेल्या वर्षी मी धुऊन ठेवली होती, म्हणून नासली. या वर्षी नाही धुतली."

वहिनींनी नकळत पदर नाकाकडे नेला. "श्रावणातली? आणि हे तू मलाच येऊन सांगतेस?"

"तुमच्याकडेच नासलं होतं ना. एक वाटी द्या. तुम्हीच निवडा कुठलं फोडायचं ते."

वहिनींनी वाटी आणली. श्रावणातल्या बाजूची वरची सोडून अगदी तळातलं एक अंडं काढलं, हात लांब धरून फोडलं. मग वाटी नाकाजवळ नेली. आणखी एक फोडलं, पुन्हा तसंच केलं. तिसऱ्याच्या वेळी त्यांनी हात लांब धरला नव्हता.

"पांढरं जरा पातळ वाटतंय," त्या म्हणाल्या.

"पातळ होतं. ते मी सांगणारच होते. आमलेटला, बुर्जीला चालतं. उकडायची असतील तर आधी टाचणीनं टोचा, नाहीतर तडकतात."

"रविवारी आमच्या मीनलचा वाढदिवस आहे. केक करायचाय मला."

"मग ही घेऊ नका," अंजना लगेच म्हणाली. "पांढरं फेसणार नाही, केक बसेल. केकला ताजीच घ्या."

वहिनी पहिल्यांदाच हसल्या. त्या आत गेल्या आणि येताना वाडगं घेऊन आल्या. "ताजी अर्धा डझन दे. चुन्यातली चार. ती आधी मी एकटी खाऊन बघणार, घरात कोणाला देणार नाही. आणि भाव?"

"ताजी नेहमीच्या भावानं. चुन्यातली त्याहून कमी. पण व्यापारी मागायचा तेवढी कमी नाही."

"बरोबर आहे," वहिनी म्हणाल्या. त्यांनी घासाघीस केली नाही.

पुढच्या आठवड्यात वहिनींनी डझनभर मागितली, आणि त्यांच्यामागोमाग शेजारच्या उमाताई स्वतःच वाटी घेऊन जिन्यात उभ्या राहिल्या. अंजनानं त्यांच्यासमोरही फोडून दाखवलं. नवरात्राचे दिवस मध्ये गेले, तेवढी विक्री थांबली, पण आता घाई नव्हती. अंडी निवळीत शांत पडून होती. दसऱ्यानंतर आठवड्याभरात बरणी रिकामी झाली, आणि कॉलनीतल्या तीन घरांना ती नाही म्हणून परतली.

त्यानंतरच्या रविवारी कमळाकरला सुट्टी होती. दोघं उल्हासनगरला गेले, जुन्या भांड्यांच्या बाजारात. एका सिंधी दुकानदाराकडे चिनी मातीच्या मोठ्या बरण्या रांगेनं मांडल्या होत्या. अंजनानं एकेकीवर बोटानं टिचकी मारली, आवाज ऐकला, आतून हात फिरवून तडा आहे का ते पाहिलं.

"इतनी बडी? लोणचं किती घालणार बहन?" दुकानदारानं विचारलं.

"लोणचं नाही. अंडी."

"अंडी, बरणीत?" तो कमळाकरकडे पाहून हसला. कमळाकर हसला नाही. "ती सांगते ते द्या," तो म्हणाला.

"ही एक," अंजना म्हणाली, "आणि मागची ती, खाकी काठाची. दोन्हींची झाकणं मला घट्ट पाहिजेत. लावून दाखवा."

दुकानदार स्टुलावर चढला. झाकणं एकेक करून लावून दाखवली. एक सैल निघालं, तर अंजनानं ते परत दिलं आणि दुसरं मिळेपर्यंत तिथंच उभी राहिली. मग दोन्ही बरण्या गोणपाटात गुंडाळून त्यांनी रिक्षा केली. वाटेत कमळाकर म्हणाला, "दोन बरण्या भरायला एवढ्या कोंबड्या कुठायत आपल्याकडे?"

"चार खुडूक बसल्यात, पिल्लं निघतील," ती म्हणाली. "श्रावणाला अजून पुष्कळ वेळ आहे."