खारट चहाचा नियम

आमच्या स्वयंपाकघरात चोरी माफ होती, मारामारी माफ होती. एकदा कुणीतरी चोरलेलं जिवंत डुक्कर चुलीशेजारी बांधून ठेवलं, तेही मी दोन दिवस माफ केलं. पण जळलेला शब्द तोंडातून काढला, तर माफी नाही.

हा नियम माझ्या आईचा, डॉर्कस ट्रँटरचा. लंडनच्या बरो भागात, टॅलो लेनमध्ये आमचं खाटा भाड्याने देण्याचं घर होतं. आईमागे मी, केझाया, ते चालवू लागले. वर चाळीस खाटा, खाली एकच मोठं स्वयंपाकघर, आणि त्यात उठबस करणारे म्हणजे खिसेकापू, कुलूपफोडे, खोटी नाणी पाडणारे. एखादं गिऱ्हाईक सभ्य निघालंच, तर ते पत्ता चुकून आलेलं असायचं.

या मंडळींची बोली वेगळी. पोलिसाच्या कानाशी उभं राहून कामाचं बोलता यावं, म्हणून ती घडवलेली. पण शब्द मासळीसारखे, शिळे झाले की वास सुटतो. कोर्टात साक्ष देताना एखाद्या शिपायाने आमचा शब्द उच्चारला की तो मेलाच. मग रविवारी सगळे चुलीभोवती जमायचे. आई पावाचा तुकडा विस्तवात टाकायची, सगळे एका सुरात तो शब्द शेवटचा म्हणायचे, आणि तुकड्याचा कोळसा झाला की शब्द संपला. त्याच बैठकीत नवा ठरायचा. त्यानंतर जुना शब्द ज्याच्या तोंडून निघेल, त्याने एका शब्दाला एक मग खारट चहा प्यायचा. मूठभर मीठ घातलेला, सगळ्यांच्या देखत, तळाच्या थेंबापर्यंत.

मी नऊ वर्षांची असताना 'खरवड' जळाली. आमच्यातलं कुणी कामगिरीवर निघालं की आई आधी मागची गल्ली दोन्ही बाजूंनी बघून यायची आणि दारात म्हणायची, "खरवड ठेवते." म्हणजे रस्ता मोकळा आहे, सुखरूप परत ये, भांड्याच्या तळाशी तुझा वाटा ठेवते. मला तो शब्द फार आवडायचा. तो जळाला त्या रविवारी आई का रडली ते मला कुणी सांगितलं नाही. पुढे कुणी निघालं की ती नुसता भांड्याला हात लावायची. कॉलऱ्याने ती गेली, तोवर मी तो शब्द तिच्या तोंडून पुन्हा ऐकला नाही.

आता मुद्द्याचं. साल १८५९, ऑगस्टातला रविवार, दुपारचे तीन. उकडून जीव चाललेला, त्यात चुलीवर हेरिंग मासे भाजत होते. स्वयंपाकघरात पंधरा-वीस माणसं होती आणि कुणी हसत नव्हतं. पंधरवड्यात आमचे दोघे पकडले गेले होते. आत फुटल्याशिवाय बाहेर कळत नाही, एवढी अक्कल सगळ्यांना होती. पकडलेल्यांपैकी एक ओबाडाया ग्रिंडलचा धाकटा भाऊ. हा ओबी कुलूपफोड्या, अंगाने दाराएवढा. सकाळपासून तो चुलीचा लोखंडी गज हातात घेऊन बसला होता.

तेवढ्यात दार ढकलून एक म्हातारा आत आला. उन्हाने रापून चामडं झालेला, पायात दोन जातीचे बूट.

"डॉर्कस आहे का?"

"गेली," मी म्हणाले. "दहा वर्षं झाली. मी तिची मुलगी."

तो भिंतीला धरून बाकावर बसला. मग म्हणाला, "मी एब्नर स्कल्थॉर्प. जन्मठेपेवर समुद्रापार धाडला होता. पळून आलोय. कोपऱ्यावर दोन सापळे उभे आहेत पोरी, मागचं दार अजून उघडतं का?"

ओबी उठला. "काय उभे आहेत कोपऱ्यावर?"

"सापळे."

"हा कुठल्या देशाचं बोलतोय?"

"मी सांगतो," ल्यूक पॅरामोर म्हणाला. हा तीन आठवड्यांपूर्वी ब्रिस्टलहून आलेला खिसेकापू. वय बावीस, जीभ तेलातली. आमची बोली त्याने अशी झटपट उचलली की सगळे त्याला प्रोफेसर म्हणायचे. "सापळा म्हणजे पोलीस. पुढे चुरड्या झाला, त्याच्याही आधीचा शब्द. आता आपण निळी माशी म्हणतो. ओबी, विचार कर. जळलेले शब्द आता राहिलेत कुठे? पोलिसांच्या वहीत. तिथून घोकून आलेलं पाखरू आहे हे. बाईच्या आईचं नावसुद्धा वहीतलंच."

स्वयंपाकघर एकदम उभं राहिलं. कुणीतरी दाराला अडसर घातला. दोघांनी म्हाताऱ्याचे हात मागे धरले आणि ओबीने गज खांद्यापर्यंत उचलला.  म्हाताऱ्याने चुलीवरच्या आईच्या जुन्या भांड्याकडे पाहिलं.

 माझं डोकं, देवाची कृपा, चालत होतं. चुरड्या हा शब्द जळून सहा वर्षं झालेली. सापळा तर त्याच्याही आधी, मी अकरा-बारा वर्षांची असताना जळाला. ओबी पंधरा वर्षं या चुलीशी बसतोय, त्यालाही तो ठाऊक नव्हता. मग ब्रिस्टलच्या या कालच्या पोराला कुठून ठाऊक?

हे तोंडावर बोलले असते, तर त्याने सतरा आजोबा उभे केले असते. त्याच्याच तोंडून निघायला हवं होतं.

"ओबी, गज खाली कर," मी म्हणाले. "माझ्या घरात माणूस मरणार असेल तर चौकशी मी करणार."

"चौकशी कसली? याने माझ्या भावाला—"

"हा तुझ्या भावाला ओळखतसुद्धा नाही. पाच मिनिटं दे. चूक माझी निघाली तर त्याच्या शेजारी मला उभी कर."

ओबीने गज खाली केला, ठेवला मात्र नाही. मी टेबलाशी गेले. मला घाम फुटला होता, आणि खरं सांगते, मजाही येत होती.

"आपल्या माणसांना परीक्षेपुरती खारट चहाची माफी. आणि प्रोफेसर, तू इथे ये. म्हातारा बरोबर बोलतो की चूक, ते तू सांगायचं. तुझ्याइतकं इथे कुणाला येतं?"

पॅरामोर आला, छाती काढून आला. हुशार माणसाला हुशार म्हणावं, म्हणजे तो स्वतःहून विहिरीत उडी घेतो.

मी ओबीच्या खिशातलं आदल्या दिवशीचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. "एब्नर, याला काय म्हणतात?"

"सलगम."

"आणखी काही?"

म्हातारा गोंधळला. "आणखी काय म्हणणार? सलगमच."

"प्रोफेसर?"

"बरोबर आहे. सगळ्यात जुना शब्द. मग अंगुस्तान आला, आता शिंपला."

"ओबी, तू काय काय ऐकलंस?"

"अंगुस्तान नि शिंपला," ओबी गुरगुरला. "सलगम आम्ही खातो."

दोन-चार जण हसले. पॅरामोरही हसला. मी पटकन पुढचा प्रश्न टाकला, हसू विरायच्या आत.

"एब्नर, तुरुंगाला?"

"दगडी घागर."

"आणखी?"

"पोरी, मला एवढेच येतात. एकवीस वर्षं मेंढरांशी बोलतोय मी."

"प्रोफेसर?"

"दगडी घागर, मग पोलाद, आता मावशी," पॅरामोर बोटांवर मोजत म्हणाला. "बघितलंत ना? अगदी वहीच्या पहिल्या पानापासून सुरुवात केलीय बेट्याने."

"बघतेय," मी म्हणाले.  "आता शेवटचं. आपलं कुणी निघालं की माझी आई या मागच्या दारात काय म्हणायची?"

म्हाताऱ्याने तोंड उघडलं आणि मिटलं. त्याची नजर मागच्या दारावर गेली नि तिथेच राहिली.  त्याला ते येत होतं, मला दिसत होतं, पण त्याच्याने बोलवत नव्हतं.

"इथे अडला," पॅरामोर म्हणाला. "खरवड ठेवते. म्हणजे रस्ता मोकळा आहे."

हेरिंगची चरबी विस्तवात पडून चरचरली.

"शाबास," मी म्हणाले. "ओबी, आता नीट ऐक. माणसाला त्याच्या काळातले शब्द येतात. म्हातारा एकवीस वर्षांपूर्वी गेला, त्याला त्याच्या आधीचे येतात, नंतरचा एक येत नाही. वही घोकून आला असता, तर मधले सोडून का आला असता? तुला पंधरा वर्षांतले येतात, त्याच्या आधीचा एक नाही. आणि हा बघ, सगळे येणारा. खरवड माझ्या आईने या चुलीत जाळली तेव्हा मी नऊ वर्षांची होते नि हा पाळण्यात होता. तो शब्द याच घरात झाला, याच घरात मेला. ब्रिस्टलला याला तो कुणी सांगितला?"

"आमच्या शेजारी एक म्हातारी—" पॅरामोर म्हणाला, आणि त्याचा हात कोटाच्या आत गेला.

ओबीने ते मनगट हवेतच पकडलं. कोटातून लाकडी खडखडा खाली पडला. पोलीस मदतीला बोलवायला वाजवतात, तो. तो फरशीवर एकदा खडखडला आणि गप्प झाला.

पुढचा क्षण मला आजही घाम फोडतो. गज वर गेला, आणि मी मधे घुसले.

"डोकं फोडशील तर अख्खी गल्ली फासावर जाईल, तुझ्या भावासकट," मी ओरडले. "नियम आहे ना आपल्याकडे? मोजा."

त्यांनी मोजले. सापळा, चुरड्या, सलगम, अंगुस्तान, दगडी घागर, पोलाद, खरवड. सात.

"परीक्षेपुरती माफी होती," पॅरामोर म्हणाला. त्याचा चेहरा पिठासारखा झाला होता.

"आपल्या माणसांना, बाळा. मी नीट शब्द वापरले होते."

लोकांना वाटलं, बाई सूड घेतेय. घेत होतेच. पण सात मग खारट चहा प्यायला वेळही लागतो, आणि वेळच मला हवा होता. तो सुटला की कोपऱ्यावरच्या दोघांना घेऊन परत येणार, आणि पळून आलेला जन्मठेपी सापडला तर पुन्हा समुद्रापार. मी किटलीत मिठाचं अख्खं भांडं उपडं केलं, ती ओबीच्या हातात दिली आणि म्हाताऱ्याचा दंड धरला.

मागच्या गल्लीत केंटला हॉप्सच्या, म्हणजे बिअरमध्ये घालायच्या फुलांच्या, तोडणीला निघालेली गाडी घोडा जोडून उभी होती. गाडीवाल्याच्या हातात मी अर्धा पाव आणि दोन हेरिंग कोंबले. "हा माझा मामा. बहिरा आहे. वाटेत याच्याशी बोलू नकोस, याला बोलूही देऊ नकोस."

आतून पॅरामोरच्या ओकारीचा आवाज आला आणि सगळे ओरडले, "तीन!"

म्हातारा गाडीत चढेना. "पोरी, मला ते म्हणता आलं नाही, कारण तेच शेवटचं ऐकलं होतं मी. डॉर्कसने गल्ली पाहिली, दारात ते म्हटलं, नि मी निघालो. पोलिसांना शब्द आधीच फुटला होता. ते भिंतीपलीकडे कान लावून बसले होते, तिने म्हणायची वाट बघत. पुढच्या वळणावर मला धरलं." त्याने तोंड पुसलं. "तिचा काही दोष नव्हता. एवढं तिला सांगायला मी आलो होतो."

आई त्या रविवारी का रडली, ते मला एकवीस वर्षांनी कळलं. त्या गल्लीत उभं राहून मला एकाच वेळी रडू येत होतं आणि आईला हाका माराव्याशा वाटत होत्या.

"तिने तो त्याच आठवड्यात जाळला," मी म्हणाले. "परत कधी उच्चारला नाही."

"मग आता तो गेलाच म्हणायचा," म्हातारा म्हणाला आणि गाडीत चढला. कांद्यांच्या पोत्यांमागे त्याने अंग चोरलं.

मी गल्लीच्या या टोकाला गेले, पाहिलं. त्या टोकाला गेले, पाहिलं. भिंतीपलीकडेसुद्धा डोकावले. कुणी नव्हतं. मग दारात येऊन उभी राहिले आणि मोठ्याने म्हणाले,

"खरवड ठेवते."

पोत्यांमागून एक हात वर आला. गाडी हलली, वळली, दिसेनाशी झाली, आणि वळणापलीकडून ओरडा आला नाही. मी शंभरपर्यंत मोजलं. तरी आला नाही.

आत आले तेव्हा सातवा मग संपत होता. पॅरामोरला दोघांनी काखेत धरून पुढच्या दाराबाहेर नेऊन ठेवलं. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मागचं दार उघडंच होतं, सगळ्यांनी ऐकलं होतं. ओबीने किटली हलवून पाहिली.

"बाई, राहू द्या. आज कुणी मोजत नाही."

"मी मोजतेय," मी म्हणाले. "ओत."

त्याने ओतला. मी उभ्याने प्यायले, तळाच्या थेंबापर्यंत. डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते मिठाने आलं असं म्हणायची सोय होती. मग मी रिकामा मग टेबलावर ठेवला, "खरवड ठेवते," असं पुन्हा एकदा मोठ्याने म्हणाले आणि दुसऱ्यांदा भरायला तो मग ओबीपुढे केला.