खालच्या टप्प्यातला फ्रीज

बाबा गेल्यावर घर आवरायला मी रजा काढून आले. पहिल्याच सकाळी कुलपात किल्ली फिरली आणि पायजम्यातला एक उंच म्हातारा आत आला. माझ्याकडे पाहून त्यानं मान हलवली, सरळ स्वयंपाकघरात जाऊन फ्रीजमधलं दूध काढलं आणि तो निघाला.

"कोण तुम्ही?"

"समोरचा. बसवर कंडक्टर होतो. वाईट झालं, पोरी, फार वाईट. चहा उकळतोय, येतो."

मागोमाग शेजारच्या नर्समावशी आल्या. त्यांच्याकडेही किल्ली. फ्रीजच्या दारातून इन्सुलिन काढून त्यांनी पोटात सुई टोचून घेतली आणि मगच मला जवळ घेतलं.

"आधी इंजेक्शन, मग दुःख," त्या म्हणाल्या. "क्रम चुकला की मीही जायची."

चहा घेऊन कंडक्टरकाका परतले तेव्हा मला सगळा उलगडा झाला. भाव उड्या मारत वर जातात आणि पेन्शन गुडघे धरून जिना चढते, ही बाबांची नेहमीची तक्रार. त्यातून विजेचा दर टप्प्याटप्प्यानं वाढणारा. एकाच घरात सगळी यंत्रं चालली की माणूस वरच्या टप्प्यात. म्हणून गणिताच्या या निवृत्त मास्तरांनी अख्ख्या मजल्याची वाटणी केली होती: फ्रीज आमच्याकडे, धुण्याचं मशीन मावशींकडे, टीव्ही आणि इस्त्री काकांकडे. तिन्ही घरं खालच्या टप्प्यात. "आमचं अगदी टुकीत, काटकसरीत चाललंय," असं बाबा फोनवर सांगायचे. म्हातारी माणसं असं म्हणतातच, असं मला वाटायचं.

"दुपारी जुनं सामान घेणारा येतोय," मी म्हणाले. "सगळंच नेणार आहे. मग घर विकायला काढते."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"फ्रीजपण?" मावशींनी विचारलं.

"तो तुम्ही घ्या ना. फुकट."

"हत्तीही फुकट मिळेल गं, त्याला खायला काय घालू? मशीन आहे, वर फ्रीज आला की मी गेले वरच्या टप्प्यात. मग बिल भरू, की इन्सुलिन आणू?"

"काका, तुमच्याकडे?"

"माझा टीव्ही आहे."

"तो बंद ठेवा की."

"मग आम्ही दोघांनी भांडायचं कशावरून?" काकांनी घसा खाकरला. "खरं सांगू? रिकाम्या घरात नुसता फ्रीज म्हणजे बिल पार तळाला. तुझे बाबा असते तर किती खूश झाले असते!"

"कंडक्टर!" मावशी कडाडल्या.

"हिशेबाचं बोललो, बाई."

मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी येत होतं, म्हणून जरा अडखळत आलं.

दुपारी सामानवाल्यानं पलंग नेला, कपाट नेलं, खुर्च्या नेल्या. फ्रीजपाशी येऊन त्यानं हात चोळले. दारात मावशी इन्सुलिनची बाटली मुठीत धरून उभ्या होत्या.

"तो राहू दे," मी म्हणाले.

"ताई, सौदा सगळ्याचा ठरलाय. आणि घर विकल्यावर याचं काय करणार?"

"घर इतक्यात विकत नाही मी."

त्यानं पैसे कापले आणि कुरकुरत गेला. मावशींनी बाटली पुन्हा फ्रीजच्या दारात ठेवली.

संध्याकाळी त्या बाबांचे दोन सदरे घेऊन आल्या. मागून काका.

"माझ्या मशीनमध्येच राहिले होते गं. इस्त्री याची. एक कॉलर करपवलीय."

"ती आधीचीच करपलेली होती," काका म्हणाले.

कपाट गेलेलं. सदरे मी फ्रीजवर ठेवले आणि पाणी घ्यायला दार उघडलं. वरच्या कप्प्यात वाटीखाली झाकलेलं अर्धं लिंबू होतं, वाळून दगड झालेलं.

"तो कप्पा त्यांचा," मावशी हळूच म्हणाल्या. "आम्ही हात लावला नाही."

मी दार धरून उभी राहिले. आतला दिवा जळत होता. काकांनी बराच वेळ कळ काढली.

"पोरी," शेवटी ते म्हणाले, "रड हो, पोटभर रड. पण दार लावून. टप्पा ओलांडेल."